कोंबडा सगळेच बघतात

आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, पाऊल टाकणाऱ्याची नजर आधी कोंबड्यावर जाते. किती किलोचा आहे, पायाचे काटे केवढे आहेत, कुठून आणला, केवढ्याला द्याल, हे प्रश्न बहुधा याच क्रमाने येतात. त्यात वावगं काही नाही. असील ही झुंजीसाठी नावाजलेली जड देशी जात, तिचा कोंबडा उभा राहिला की माणूस थबकतोच. उंच सरळ मान, पुढे काढलेली रुंद छाती, खाली झुकलेली आखूड शेपटी, अंगाला घट्ट चिकटलेली तोकडी पिसं आणि बसका, बारका तुरा. मी त्याचं कौतुक ऐकून घेते आणि मग पाहुण्यांना आंब्याखाली नेते. तिथे तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, खोलग्यात एक लाखी कोंबडी अंड्यांवर बसलेली असते. "ही? ही तर खुडूक आहे ना!" असं म्हणून बहुतेक जण पुन्हा कोंबड्याकडे वळतात. मला मात्र तीच दाखवायची असते. असीलचा वंश कोंबड्यावर तोलला जातो आणि कोंबडीवर चालतो, असं माझं इतक्या वर्षांच्या पाळण्यातून झालेलं मत आहे.

आमचं घर नागपूरच्या उत्तरेला, कोराडी रस्त्यापासून आत. मागे मोकळी जागा, आंबा, दोन कडुनिंब आणि जाळीचे खुराडे. अंड्यांच्या हिशेबाने बघाल तर असील पाळणं हा तोट्याचाच उद्योग आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिने दिलेल्या आकड्यांत असीलचं पहिलं अंडं १९६ दिवसांवर येतं आणि वर्षाला ९२ अंडी मिळतात. अंडंही लहान, सरासरी ५० ग्रॅमचं. वीस आठवड्यांनी पक्ष्याचं वजन १२२० ग्रॅम. बाजारातला ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातो, आणि ही जात साडेचार महिने खाऊन सव्वा किलोवर असते. पण पूर्ण वाढलेला असील नर चार ते पाच किलो आणि मादी तीन ते चार किलो भरते. हे वजन हाडाचं आणि स्नायूचं आहे आणि ते सावकाश चढतं. त्याला घाई चालत नाही. खुराक वाढवून लवकर भरवायला गेलं की पाय अधू होतात.

गंमत अशी की त्या घाईच्या ब्रॉयलरच्या अंगातही असीलचंच रक्त आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात असील गेले, तिथल्या झुंजीच्या कोंबड्यांशी त्यांचा संकर झाला आणि रुंद छातीची कॉर्निश जात तयार झाली. पुढे अमेरिकेत कॉर्निश आणि पांढऱ्या प्लायमाउथ रॉकच्या संकरातून आजचा मांसाचा पक्षी उभा राहिला. म्हणजे बडकस चौकापासून बुटीबोरीपर्यंत चिकनच्या दुकानात टांगलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या छातीत आपल्याकडच्या जातीचा वाटा आहे. मूळ जात मात्र आंध्र, छत्तीसगड, ओडिशा आणि आपल्या गडचिरोली-गोंदियाच्या पट्ट्यात कुणाकुणाच्या अंगणात उरली आहे. तीही बहुतेक ठिकाणी झुंजीसाठी ठेवलेली. पीला, याकूब, नूरी, कागर, चित्ता ही तिच्या रंगांची नावं जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. माझ्याकडचे पीला.

मला पहिली जोडी ज्यांच्याकडून मिळाली ते कामठीकडचे एक बुजुर्ग. त्यांचा कोंबडा त्यांनी पहिल्याच भेटीत दाखवला. कोंबड्या घराच्या मागे होत्या. त्या बघायला मला वर्षभर थांबावं लागलं. कोंबडा ते कुणालाही विकायचे, कोंबडी मात्र कुणाला देत नसत. "मुर्गा तो सब देखते, बेटा. मैं पूछता, माँ किसकी?" असं ते म्हणायचे. जुन्या शौकिनांमध्ये ही रीतच होती, असं पुढे अनेकांकडून ऐकलं. कोंबडा बाहेर गेला तर एक पक्षी गेला. कोंबडी गेली तर घराणं गेलं.

पुढे वाचन केलं तेव्हा या रीतीला आधार सापडला. माणसात मुलगा होणार की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईकडून. कोंबड्याकडे झेड नावाची दोन गुणसूत्रं असतात. कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. आईचा झेड फक्त मुलाकडे जातो, मुलीला मिळतो तो बापाचा. आता या झेडवर अंगकाठीशी संबंधित जनुकही आहे. पक्षी खुजा करणारं त्याचं एक रूप कोंबड्याच्या एकाच झेडवर असेल तर ते दडून राहतं. कोंबडा दिसायला दणकट तो दणकटच. कोंबडीजवळ दुसरा झेडच नाही, त्यामुळे त्या गुणसूत्रावर जे असेल ते तिच्या अंगावर उघड दिसतं. म्हणून कोंबड्याने काय दडवलं असेल याचा अर्धा अंदाज घ्यायचा तर त्याची आई बघावी. कामठीच्या त्या बुजुर्गांनी गुणसूत्राचं नावही ऐकलं नसेल, पण ते नेमकं हेच करत होते.

शिवाय आईकडून जे येतं ते एवढ्यावर थांबत नाही. पिल्लू जन्मतं ते अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश वजनाचं, म्हणजे मोठं अंडं देणाऱ्या कोंबडीचं पिल्लू पहिल्या दिवसापासून भरलेलं. आईला रानीखेत रोगाची लस वेळेवर दिलेली असेल तर तिच्या रक्तातलं संरक्षण बलकातून पिल्लाला उतरतं आणि पहिले काही दिवस पुरतं. आणि बसण्याचा गुण? तो तर आईत दिसल्याशिवाय कळतच नाही.

कोंबडी निवडताना मी ती हातात घेते. दिवसा नाही, रात्री, आडव्या बांबूवरून अलगद उचलून. तेव्हा ती शांत असते. छातीचं हाड सरळ आहे का, बोटांनी पाहते. मांड्यांमध्ये घट्टपणा हवा, पोटाखाली चरबीचा गोळा नको. मागच्या दोन हाडांमध्ये तीन बोटं सहज बसली की अंडं देणं तिला सोपं जातं. पायाचा तळवा तपासते. जड जातीचे पक्षी उंचावरून उड्या मारून मारून तळव्यात गाठ धरतात, ती पिकते आणि पक्षी लंगडतो. म्हणून आमच्याकडचे बसायचे बांबू जमिनीपासून फूट-दीड फुटावरच आहेत. आणि तलंगीची, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबडीची, पहिली अंडी मी उबवायला घेत नाही. ती लहान असतात. वर्षाची झालेली, एक पिसगळ होऊन गेलेली कोंबडी बरी.

जोडी लावताना जडपणा अडचणीचा ठरतो. हलक्या जातीत एका नरामागे दहा-बारा माद्या चालतात. असीलमध्ये मी पाच-सहाच्या वर जात नाही. नर जड, हालचाल सावकाश, आणि मादीची पाठ पिसांनी विरळ. त्याचे काटे घासून बोथट केले नाहीत तर तिच्या पाठीवर जखमा होतात. इज्जतनगरच्या आकड्यांतही असीलची फलित अंडी ६६ टक्के, आणि फलितांतली फुटणारी ६३ टक्के. म्हणजे शंभर अंडी मांडली तर पिल्लं चाळीस-बेचाळीस. नवीन माणूस हे ऐकून हबकतो. या जातीचं गणित हेच आहे, हे आधी कळलं तर दहा अंड्यांतून चार पिल्लं आल्यावर तो कोंबडीला बोल लावणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण इथेच वंशाची नोंद बिघडते. कोंबडा बदलला की लगेच अंडी जमवू नयेत. आधीच्या नराचं बीज कोंबडीच्या अंगात दोन-तीन आठवडे टिकतं. तेवढे दिवस जाऊ द्यावेत, मगच अंड्यावर पेन्सिलने तारीख घालायला सुरुवात करावी.

अंडी कधी मांडायची हे नागपुरात ऊनच ठरवतं. मे २०१३ मध्ये या शहराने ४७.९ अंश पाहिले. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या तापलेल्या नऊ दिवसांत, कूलर लावलेल्या खोलीतही तीस-बत्तीसच्या खाली उतरत नाही. अंड्यातला जीव साधारण २१ अंशांच्या खाली स्वस्थ असतो. त्याच्या वर गेलं की तो हळूहळू जागा व्हायला लागतो. उन्हाळ्यात टोपलीत ठेवलेलं अंडं कुणीही न उबवता अर्धवट वाढायला लागतं आणि आतल्या आत मरतं. फोडलं की रक्ताची रेघ दिसते. लोक म्हणतात कोंबडा कमजोर झाला. कोंबडा नव्हे, खोली तापली आहे. म्हणून आमची अंडी कार्तिक ते माघ याच काळात जमतात. टोक खाली करून ठेवायची, धुवायची नाहीत, आठवड्याच्या आत कोंबडीखाली घालायची. त्या काळातली पिल्लं ऊन कडक होईपर्यंत अंगाने सावरलेली असतात आणि पहिला उन्हाळा झेलतात. थंडीचीही धास्ती असते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूर ३.५ अंशांवर उतरलं होतं. असीलच्या पिल्लांना पिसं उशिरा येतात, कित्येक आठवडे खांदे-पाठ उघडीच असते. पण थंडीवर आईचं पोट हा उपाय आहे. लू लागलेल्या पिल्लावर काही चालत नाही.

हल्ली शहरात ब्रह्मा जातीची हौस आली आहे. पायांवर झुपकेदार पिसं, अंगभर कापूस, नर साडेपाच किलोपर्यंत. दिसते सुंदर, स्वभावही गरीब. मला कुणी विचारलं तर मी नागपुरात घेऊ नका म्हणते. तिची पिसं थंड मुलखासाठी आहेत, आणि आपल्या काळ्या मातीत पावसाळ्याचे चार महिने ती पायाची पिसं चिखलाने लडबडतात. असील उघड्या अंगाचा आहे. दुपारी पंख सैल सोडून, चोच उघडी ठेवून तोही धापा टाकतो, पण तगतो. वाळ्याची ताटी ओली ठेवायची, माठाचं पाणी तीनदा बदलायचं, आणि दाणा पहाटे व सूर्य मावळल्यावर. पोटात दाणा पचत असताना अंग आतून तापतं, म्हणून भर दुपारी भांडं रिकामंच असू द्यावं.

आता बसण्याबद्दल.

अंडी देता देता एखादी कोंबडी एक दिवस घरट्यातून उठत नाही. हात नेला की पिसं फुलवते, घशातून खरखर आवाज काढते, छातीची पिसं उपटून टाकते, म्हणजे तिची उघडी, तापलेली कातडी थेट अंड्याला लागते. ही खुडूक. अंडी विकणाऱ्याला ती नको असते. तिला पाण्यात बुडवणं, पिंजऱ्यात टांगणं असले उपाय सर्रास चालतात. आमच्याकडे त्या दिवशी माझी धावपळ सुरू होते. आधी तिच्याखाली पिंगपाँगचे बॉल ठेवते. दोन-तीन रात्री ती हलली नाही तर खरी अंडी. तीही रात्रीच, आणि सगळी एकदम, म्हणजे सगळी एकाच वेळी फुटतील.

जड कोंबडीचं घरटं जमिनीवरच हवं. उंच खोक्यात ती उडी मारून उतरते आणि साडेतीन किलोचं वजन अंड्यांवर पडतं. आंब्याखाली आडोसा करून मी मातीत पसरट खोलगा करते, तळाची माती जरा ओलसर ठेवते, वर कडुनिंबाचा पाला, म्हणजे पिसवा-गोचीड लागत नाहीत, आणि त्यावर तणस. तणस भंडाऱ्याकडून येतं. ते मऊ असतं. सोयाबीनचं कुटार टोचतं. अंडी नऊ किंवा दहा. तिच्या पंखाखाली बारा मावतील, पण डिसेंबरच्या रात्री कडेची दोन गार पडतात, आणि ती फिरवताफिरवता प्रत्येक अंडं कधी ना कधी कडेला येतं. कवच पक्कं असावं म्हणून महिनाभर आधीपासून शिंपल्यांचा चुरा भांड्यात असतो. आमच्या सासूबाई अंड्यांमध्ये एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवायच्या, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. विजेने अंडी बिघडतात असं मी मानत नाही. खिळा मात्र ठेवते. तो त्यांचाच आहे.

एकवीस दिवस. या दिवसांत कोंबडी जे करते ते मी जितकं बघते तितकं थोडंच वाटतं. दिवसातून एकदा ती उठते, पंधरा-वीस मिनिटं. पटकन दाणा, पाणी, एकदा मोठी विष्ठा, राखेत अंग घोळणं, आणि परत. बसताना पाय सावकाश अंड्यांच्या मधे सरकवते. मग चोचीने एकेक अंडं आपल्याकडे ओढते, उलटवते, आतलं बाहेर, बाहेरचं आत. हे दिवसरात्र, अनेक वेळा. उलटवलं नाही तर आतला जीव कवचाच्या अस्तराला चिकटतो. फेब्रुवारीतली आपली हवा कोरडी. अंड्यातलं पाणी जरुरीपेक्षा जास्त उडालं की पिल्लू आत आवळलं जातं. अशा दिवसांत ती कधी कधी ओल्या जागेवरून चालून येते आणि पोटाची दमट पिसं घेऊन बसते. मुद्दाम करते की कसं, ते तिलाच ठाऊक. मी घरट्याभोवती सकाळी पाणी शिंपडते, एवढं माझं काम.

सातव्या रात्री मी अंडी बॅटरीच्या उजेडात पाहते. फलित अंड्यात लाल शिरांचं कोळ्याचं जाळं पसरलेलं दिसतं आणि मधे एक काळा ठिपका हलत असतो. स्वच्छ पिवळी दिसणारी अंडी काढून घेते. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा. अठराव्या दिवसानंतर हात लावत नाही. त्यानंतर अंड्यांच्या आतून आवाज येतो आणि कोंबडी त्याला उत्तर देते. बसल्या जागी, चोच बंद ठेवून, अगदी खालच्या पट्टीत. कान जवळ नेला तर दोन्ही ऐकू येतात. पिल्लं फुटण्याआधी आईचा आवाज ओळखून असतात.

कवचाला पहिली चीर पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत बारा तास जातात, कधी चोवीस. घरातली मुलं रडकुंडीला येतात. "मामी, तो अडकून राहिला ना आतमंदी, काहून नाही काढत त्याले?" काढायचं नाही. त्या तासांत तो अस्तरातल्या शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतो. कवच फोडून दिलं तर शिरा तुटतात, रक्त जातं. तोच बलक मग दोन दिवस त्याचं अन्न होतो. पहिल्या पिल्लानंतर शेवटचं येईपर्यंत आई घरट्यावरून उठली नाही तरी कुणी उपाशी राहत नाही.

अंडी उबवायचं छोटं मशीन माझ्याकडेही आहे. ३७.५ अंश धरून ठेवतं, अंडी आपोआप फिरवतं, आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर चालतं. बसायला कोंबडी नसली की वापरते, आणि मशीनने अनेकांना पोट भरायचं साधन दिलं हे मी जाणते. पण जात राखायची असेल तर सगळी मदार त्यावर ठेवू नये. मशीन चांगल्या आईचंही अंडं उबवतं आणि जिला बसताच येत नाही तिचंही. दोघींच्या मुली सारख्याच संख्येने पुढे जातात. काही पिढ्यांत कळपात बसणारी कोंबडी उरत नाही. व्हाइट लेगहॉर्नचं तेच झालं. वर्षाला अंडी भरपूर, बसायचं मात्र ती विसरली, कारण माणसाने निवड करताना बसणारी प्रत्येक कोंबडी बाजूला काढली. असील हलका झाला तर वजन परत आणता येईल, दोन जड घराण्यांचं लग्न लावून. आईपण गेलं तर ते कुठून आणायचं?

पिल्लं झाल्यावर तर आई आणखी मोठी वाटते. सहा-आठ आठवडे ती त्यांना घेऊन फिरते. घारीची सावली पडली की एक वेगळाच आवाज, आणि सगळी पिल्लं क्षणात तिच्या पोटाखाली. मुंगूस समोर आलं तेव्हा ती पळाली नव्हती, अंगावर धावून गेली होती. आणि असीलच्या पिल्लांना आईची एक गरज इतर जातींपेक्षा जास्त असते. ती फार लवकर भांडायला लागतात, बोटभर असताना. मशीनमधून काढून बल्बखाली वाढवलेल्या पिल्लांत डोळे-डोकी रक्तबंबाळ होतात. आईच्या हाताखाली भांडण सुरू झालं की ती मधे जाते, एकाला टोच मारते, आणि प्रकरण मिटतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात मात्र नर वेगळे करावेच लागतात.

या नरांचं पुढे काय, हा प्रश्न मला कायम विचारला जातो. हिवाळ्यात इकडून-तिकडून फोन येतात. धान कापणी झाली, मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या, कुठेतरी आडरानात कोंबडा बाजार भरणार असतो. पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधून झुंजवतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ज्या पिल्लाला मी अंड्यात हलताना पाहिलं त्याला मी तिथे पाठवलं नसतं. एखाद-दोन नर वंशासाठी राहतात, बाकीचे खाण्यासाठी जातात. सावजी रश्श्यात असीलचं मांस शिजायला वेळ घेतं आणि चव धरून ठेवतं. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. तो पक्षी चांगला जगला, आणि एका झटक्यात गेला.

एकाच अंगणात वर्षानुवर्षं पिल्लं काढत राहिलं की नात्यातच लग्नं होतात. अंडी फुटायची कमी होतात, पिल्लं दुबळी निघतात. त्यावर आम्ही तीन घरांनी मिळून एक पद्धत धरली आहे. एक घराणं माझ्याकडे, एक उमरेडला एका मैत्रिणीकडे, एक काटोलच्या एका शेतकरी कुटुंबात. मुली जन्मल्या त्याच घराण्यात राहतात. मुलगे दरवर्षी पुढच्या घरी जातात: माझे उमरेडला, उमरेडचे काटोलला, काटोलचे माझ्याकडे. पिल्लाचं कूळ आईवरून मोजायचं. पायातल्या कडीचा रंगही आईचाच, माझ्याकडच्या हिरव्या. जगभर लहान कळप राखणारे लोक अशी फिरती पद्धत वापरतात, आणि तिच्यात कोंबडा हा पाहुणा असतो. येतो, एक हंगाम राहतो, जातो.

तीन ठिकाणं असण्याचं दुसरंही कारण आहे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा तो बातमीतला, दूरचा होता. २०२४ च्या डिसेंबरात आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच रोगाने गेले. एखाद्या जागी लागण सापडली की भोवतालच्या एक किलोमीटरातले कोंबड्या-बदकं सगळे मारावे लागतात. निरोगी, आजारी हा भेद तिथे नसतो, आणि नसावाही. माझं अंगण एका दिवसात रिकामं होऊ शकतं, हे धरूनच चालावं लागतं. तेव्हापासून दाराशी चुना आहे, खुराड्याच्या चपला वेगळ्या आहेत, बाजारातून आणलेला पक्षी थेट आत येत नाही, आणि हिरव्या कडीच्या दोन बहिणी उमरेडला आहेत.

यंदा मात्र एक निवड अवघड गेली. आमच्या जुन्या लाखीच्या दोन मुली वर्षाच्या झाल्या. थोरली भरदार, साडेतीन किलोच्या वर, उभी राहिली की हुबेहूब बाप. तिला अंड्यांवर बसवली, आठव्या दिवशी ती उठली ती परत गेलीच नाही. अंडी मी मशीनमध्ये घातली. धाकटी तीन किलोला थोडी कमी. ती एकवीस दिवस हलली नाही, आणि पिल्लं घेऊन अशी फिरली की जुन्या लाखीची आठवण झाली. घरात मतभेद झाले. यजमानांचं म्हणणं, "जड जात पाळून राहिलो आपण, आणि तू जड तीच काढून टाकतेस?" त्यांचं अगदीच चूक नाही. दरवर्षी फक्त बसणं बघून निवडत गेले तर दहा वर्षांनी माझ्याकडे प्रेमळ आणि लहान कोंबड्या असतील, असील नसतील.

शेवटी थोरलीला आणखी एक हंगाम द्यायचं ठरलं. काही जणी पहिल्या खेपेला उठतात आणि दुसऱ्यांदा छान बसतात. धाकटी घराण्यात राहील. तिच्या वजनाची कसर तिच्या नवऱ्याने भरून काढायला हवी, म्हणून काटोलहून यंदा कुठला नर आणायचा हे बघायला मी स्वतः गेले होते. त्यांनी तीन कोंबडे अंगणात सोडले. तिन्ही देखणे, तिन्ही चार किलोच्या वरचे. मी त्यांच्या आयांना भेटायला मागच्या गोठ्यात गेले. मधल्याची आई चार किलोला टेकलेली, आणि तिसऱ्यांदा अंड्यांवर बसलेली होती. संक्रांतीनंतर तो येईल.